मंत्र बंद कशाला? खुन्यालाच वापरू द्या

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन खेळायच्या कथाखेळात खुनाचं रहस्य रचायचं, तर मृतांशी बोलण्याचा मंत्र काढून टाका, नाहीतर रहस्य लगेच फुटेल, असा सल्ला देतात. मला तो काही पटला नाही. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत प्रेत फक्त ५ प्रश्नांना उत्तरं देतं, आणि एकदा विचारलं की १० दिवस तो मंत्र त्याच्यावर चालत नाही. म्हणजे मंत्र फसला, तर आधी कुणीतरी विचारपूस करून गेलंय, आणि ते कुणीतरी म्हणजे खुनीच ठेवा. झाला की पहिला धागा!

आमच्या नागपूरच्या गटासाठी मी प्रेत पिवळ्या मारबतीच्या, म्हणजे नागपुरात मिरवून जाळतात त्या मोठ्या पुतळ्याच्या, बांबूच्या सांगाड्यात लपवणार आहे. तान्ह्या पोळ्याची मिरवणूक, ‘घेऊन जा गे मारबत’चा गजर, शेवटी दहन. तोवर शोधा, नाहीतर पुराव्याची राख. संशयित मात्र तीनच ठेवा. जास्त झाले की खेळाडू नुसते भांडतात.