पेन्सिलने काढलेल्या खिलार बैलात नेमके काय पाहावे?

मिरजेचा वाटसरू (प्रश्न):
गेल्या आठवड्यात सांगलीत एका हौशी चित्रकाराची जनावरांची रेखाटने पाहिली. खिलार बैलाची दोन चित्रे शेजारीशेजारी लावली होती. एकात अंगावरचा केस न् केस दाखवला होता, तर दुसरे जेमतेम वीस-पंचवीस रेषांत आटोपले होते. लोक पहिल्यापुढे ‘अगदी फोटोच!’ म्हणत थांबत होते. मी मात्र दुसऱ्यापाशी रेंगाळलो आणि त्याचे कारण मला सांगता आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

कलाशिक्षक, सातारा:
केसांकडे वळण्याआधी बैलाचा भार कोणत्या पायांवर आहे, ते पाहावे. मागच्या पायात जो उलटा वळलेला गुडघा वाटतो, ती खरे तर टाच असते. तो सांधा चुकला की वर कितीही बारकावे भरले तरी बैल उभा न वाटता टांगलेला वाटतो. मग रेषेचा दाब पाहावा. पोटाखाली सावलीत ती जाड होते, तर उन्हातल्या पाठीवर पुसट होत मध्येच तुटते आणि ती तुटलेली जागा पाहणाऱ्याचा डोळाच जोडून घेतो. पांढऱ्या बैलाचा पांढरेपणा कोऱ्या कागदाचाच असतो, हे विद्यार्थ्यांना पटवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६३७ साली काढलेला हत्ती अवश्य पाहावा. तो पेन्सिलीचा नसून काळ्या खडूचा आहे, पण कातडीचा सैलपणा नुसत्या रेषांत कसा उतरतो, हे तिथे कळते.

आटपाडीकर:
चित्रकला मला कळत नाही, पण आमच्या दावणीला खिलार आहेत. त्यांची शिंगे बुडाशी जवळजवळ असतात, मागे झुकतात आणि मग वर वळतात. चित्रांत ती बहुधा बुडापासूनच फाकवलेली दिसतात. डोळ्यातली बाहुलीही आडवी असते. खरसुंडीच्या बाजारात गिऱ्हाईक बैल चालवून पाहिल्याशिवाय किंमत बोलत नाही. चित्रातला बैलही मनात चार पावले चालवून पाहावा.

मिरजेचा वाटसरू:
काल पुन्हा जाऊन आलो. केसाळ चित्रातल्या बैलाची बाहुली माणसासारखी गोल आहे. दुसऱ्यात डोळा म्हणजे केवळ एक फराटा आहे, मात्र पुढच्या खुरांखालची रेषा दाबून काढली आहे आणि मागचा डावा खूर नुकताच उचललेला आहे. मी त्या खुरापाशी अडकलो होतो.