मदत हवी आहे: भोसरीतल्या नऊ माणसांच्या सीएनसी शॉपने चेंबरचं सभासदत्व घ्यावं का?

एकखिडकी
भोसरी एमआयडीसीत भाड्याचा गाळा. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन), माणसं नऊ. प्रोप्रायटरशिप, उद्यम नोंदणी आहे (सूक्ष्म, उत्पादन), उलाढाल दीड कोटीच्या आत. बुश, पिना, स्पेसर असं टर्निंगचं काम.

तीन ठिकाणचे फॉर्म टेबलावर आहेत: वसाहतीतली लघुउद्योजकांची संघटना, पुण्याचं मराठा चेंबर (एमसीसीआयए, व्यापार-उद्योगांची संघटना) आणि ईईपीसी (इंजिनिअरिंग मालाची निर्यात परिषद). तिन्ही भरले तर वर्गणीचा आकडा जाणवण्याइतका होतो. अडचणी दोनच. एक पार्टी 90-100 दिवस पैसे लटकवते. आणि दुबईची पहिली ऑर्डर पक्की होत आलीय, तो ग्राहक ‘चेंबरचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’ (माल भारतात बनल्याचा दाखला) मागतोय. कुठलं घ्यावं? की काहीच नको?

शिपिंग_बिल
आधी दुबईचं. ग्राहकाला मेल टाकून एकच विचारा: सर्टिफिकेट नॉन-प्रेफरेन्शियल (साधं, शुल्कात सवलत न देणारं) हवंय की सेपाखालचं? सेपा म्हणजे भारत-युएईचा व्यापार करार, 1 मे 2022 पासून लागू आहे. तिकडे एरवी साधारण 5 टक्के आयात शुल्क पडतं. ते वाचवायचं असेल तर सेपाचंच सर्टिफिकेट लागतं, ते निर्यात तपासणी एजन्सी किंवा डीजीएफटीकडून (परकीय व्यापार महासंचालनालय) मिळतं. चेंबरचा साधा कागद तिथे चालत नाही. माल दुबईच्या जेबेल अली बंदरात पोचल्यावर हे कळलं की शुल्क कोणी भरायचं यावरून पहिल्याच ऑर्डरला वाद.

साधं हवं असेल तर अर्ज डीजीएफटीच्या ई-सीओओ (सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनच्या) पोर्टलवरच करायचा आणि यादीतलं चेंबर निवडायचं. सभासदत्व सक्तीचं नाही. बहुतेक चेंबर बिगरसभासदांनाही देतात, फक्त दर जास्त. दोन्ही दरांतला फरक गुणिले वर्षाच्या पाठवण्या, हा आकडा वर्गणीच्या जवळपास जातो का बघा. वर्षाला चार खेपा असतील तर जाणार नाही.

अर्ज परत येतो तो बारीकसारीक कारणांनी. एचएस कोडचे (मालाच्या वर्गाचा कस्टमचा क्रमांक) पहिले सहा अंक इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिलावर वेगवेगळे. किंवा आयईसीवर (आयात-निर्यात परवाना क्रमांक) ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ आणि इनव्हॉइसवर ‘इंजि. वर्क्स’. नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. सेपासाठी वर कॉस्ट शीटही लागते: बारचा भाव, बार देशी की आयात, मशिनिंग, प्लेटिंग, नफा. बार सप्लायरकडून मिल टेस्ट सर्टिफिकेट (धातूच्या तपासणीचा कारखान्याचा दाखला) आत्ताच मागून ठेवा, नंतर तो फोन उचलत नाही.

ईईपीसीचा फॉर्म तूर्त ड्रॉवरमध्ये टाका. बुश-पिना पाठवायला आरसीएमसी (निर्यात परिषदेचं नोंदणी-सभासदत्व प्रमाणपत्र) लागत नाही. अ‍ॅडव्हान्स ऑथोरायझेशन (निर्यातीसाठी कच्चा माल बिनशुल्क आणणं) किंवा ईपीसीजी (यंत्रं बिनशुल्क आणणं) घ्यायचं ठरलं की लागेल. आणि एका ऑर्डरवर ईपीसीजीत उतरू नका. वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवावी लागते. त्यापेक्षा एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरलंय का, बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे घेणाऱ्या बँकेचा क्रमांक) कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर नोंदलाय का, हे तपासा. पहिली खेप अडकते ती तिथे.

हिशेबनीस
थकलेल्या पैशांसाठी कुठल्याही संघटनेची पावती लागत नाही. तुमचा उद्यम नंबर हेच हत्यार आहे, ते बहुतेक जण बिलावर छापतच नाहीत.

एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा) कायदा 2006, बिल चुकवण्याची मुदत: लेखी करारात मुदत असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, करार नसेल तर 15. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) त्यांनी ‘90 दिवस’ छापलं असलं तरी कायद्यापुढे ते 45 च. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे (थकलेल्या बिलांचे वाद सोडवणारी राज्याची परिषद). निकाल तुमच्या बाजूने लागला आणि पार्टीला कोर्टात जायचं असेल, तर 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते.

पण थेट परिषदेत गेलात तर पुढची ऑर्डर गेली असं धरून चला. म्हणून आधी त्यांच्या अकाउंट्सला सरळ पत्र द्या: आमची नोंदणी सूक्ष्म-उत्पादन आहे, सोबत उद्यम प्रमाणपत्र. 2023 च्या वित्त कायद्याने आयकरात कलम 43बी(एच) आणलं. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळते. त्यांचा ऑडिटर फेब्रुवारीत ही यादी काढतोच. तुमचं नाव त्या यादीत असायला हवं. एवढ्याने बरीच बिलं मार्चआधी सुटतात.

जाता जाता: उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे. ‘नूतनीकरण शुल्क’ मागणाऱ्या साइट खोट्या.

एकखिडकी
दोघांचे आभार. म्हणजे तिन्ही नकोच?

कुलंट_बदला
तसं नाही. वसाहतीतल्या संघटनेचा फॉर्म भरा, पण कशासाठी ते ठरवून.

कागद काढा आणि गेल्या 12 महिन्यांत अडकलेली कामं लिहा. प्रत्येकापुढे लिहा, हे एकट्याच्या अर्जाने सुटतं की दहा जणांनी मिळून? रस्ता, ड्रेनेज, पाण्याचा दाब, भर दुपारी जाणारा विजेचा फीडर: ही दहा जणांची कामं. महावितरणच्या दरवाढीवर वीज नियामक आयोगापुढे कोणीही हरकत घेऊ शकतो, पण टर्निंग शॉपचा मालक मशीन सोडून सुनावणीला बसत नाही. संघटना बसते.

दुसरं म्हणजे वापरलेलं तेल. घातक कचऱ्याच्या नियमांत ते वर्ग 5.1 मध्ये येतं. व्हीएमसीच्या टाकीतलं कुजलं कुलंट (कापताना गार ठेवणारं द्रव) गटारात सोडणं हा सरळ गुन्हा आहे, आणि भंगारवाल्याला बॅरल देणं हाही सुटकेचा मार्ग नाही. कचरा कुठे गेला याचा कागद (मॅनिफेस्ट) तुमच्याकडे राहत नाही. अधिकृत सुविधा रांजणगावला आहे, पण तुमच्यासारख्याची एक-दोन बॅरलं न्यायला गाडी बोलावणं परवडत नाही. आठ-दहा गाळ्यांची एकत्र उचल होत असेल तर भाडं वाटलं जातं. संघटनेच्या ऑफिसात पहिला प्रश्न हाच विचारा: एकत्र उचल शेवटची कधी झाली? तारीख सांगता आली नाही तर समजून जा.

तुमच्या बाबतीत एक अडचण आहे. गाळा भाड्याचा. काही संघटना पूर्ण सभासदत्व प्लॉटधारकालाच देतात, भाडेकरूला सहयोगी. वर्गणी थोडी कमी, पण मत नाही. फॉर्मवर बारीक अक्षरात असतं.

नस्तीबंद
पैसे भरण्याआधी संघटनेचं दप्तर बघा. नोंदणी बहुधा संस्था म्हणून आणि सोबत सार्वजनिक न्यास म्हणून असते. गेल्या दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. निवडणूक कधी झाली आणि नव्या कार्यकारिणीचा चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद) धर्मादाय कार्यालयात मंजूर झालाय का, हे विचारा. दोन गट भांडत असले की तो रिपोर्ट वर्षानुवर्षं पडून राहतो, सह्यांवरून बँक खातं अडतं आणि तुमची वर्गणी कुठल्या गटाने घेतली हेही कळत नाही.

शिवाय, पैसे लटकवणारी ती पार्टी कमिटीवर नाही ना, तेवढं पाहा. असली तर वसुलीचं पत्र संघटनेकडून निघणार नाही.

आजीव सभासदत्व नको. एकरकमी घेतात, परत मिळत नाही, आणि उद्या प्रोप्रायटरशिपची प्रायव्हेट लिमिटेड केली की ‘नाव बदललं, नवा फॉर्म भरा’.

हिशेबनीस
त्यात भर: वर्गणीवर 18 टक्के जीएसटी लागतो. समजा वर्गणी 10,000, तर हातातून 11,800 जातात. पावती जीएसटी नंबर असलेलं टॅक्स इनव्हॉइस हवं, ‘देणगी’ लिहिलेलं चालणार नाही. व्यवसायासाठीचं सभासदत्व असल्यामुळे 1,800 चं क्रेडिट (आपल्या जीएसटीतून वजावट) घेता येतं. क्लबच्या सभासदत्वाला जी बंदी आहे ती करमणुकीच्या क्लबची, असा युक्तिवाद आहे. तुमच्या सीएला दाखवूनच घ्या. कंपोझिशनमध्ये (छोट्यांसाठीची जीएसटीची ठोक दराची योजना) असाल तर प्रश्नच नाही, क्रेडिट मिळत नाही. सप्टेंबरनंतर भरत असाल तर उरलेल्या महिन्यांचीच वर्गणी घेता का विचारा. प्रवेश शुल्क मात्र पूर्णच घेतात.

एकखिडकी
दुबईहून उत्तर आलं: त्यांना सेपाचंच हवंय. म्हणजे चेंबरचा फॉर्म या वर्षी बाजूला. संघटनेच्या ऑफिसात फोन केला, तेल उचल ‘मागच्या पावसाळ्याआधी’ झाली म्हणे, तारीख बघून सांगतो म्हणाले. एक शंका: प्लेटिंग बाहेरून करून घेतो, ती कॉस्ट शीटमध्ये कुठे धरायची?

शिपिंग_बिल
प्लेटर भारतातलाच असेल तर देशी खर्चात, मशिनिंगच्या खाली वेगळी ओळ. त्याचं जॉबवर्क चलन आणि बिल दोन्ही जोडा. चलनावरचे नग आणि इनव्हॉइसवरचे नग जुळत नसतील तर रिजेक्शन किती गेलं तेही लिहा, नाहीतर तपासणारा तिथेच थांबतो.