अ‍ॅक्ट शिकलेल्या समुपदेशकांचा गट कार्यरत कसा ठेवावा?

प्रश्न
आम्ही काही समुपदेशकांनी अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपीचे, म्हणजेच अ‍ॅक्टचे (त्रासदायक विचार-भावना स्वीकारून आपल्या मूल्यांनुसार वागायला शिकवणाऱ्या मानसोपचार पद्धतीचे), प्रशिक्षण एकत्र घेतले आणि नंतर अभ्यासगट सुरू केला. आता मात्र दर बैठकीत एकजण व्याख्यान देतो, दोघे-तिघे प्रश्न विचारतात आणि बाकीचे ऐकून निघून जातात. गटाने स्वतःचे प्रमाणपत्र सुरू केल्यास लोक टिकतील, असे काही सदस्यांना वाटते. ही पद्धत प्रत्यक्ष सत्रांत नीट वापरली जावी, हा आमचा मूळ हेतू आहे. त्यासाठी गटाची रचना कशी असावी?

उत्तर १
माझ्या मते अडचण उपस्थितीची नसून बैठकीत काय घडते याची आहे. व्याख्यान ऐकणाऱ्याला त्या गटाची गरज उरत नाही, कारण तीच माहिती त्याला पुस्तकातूनही मिळते. परंतु ज्या क्लायंटसमोर आपण अडखळलो, त्याच्याशी झालेला संवाद सहकाऱ्यांपुढे रोल-प्ले करून पाहण्याची सोय दुसरीकडे सहसा मिळत नाही. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी या, तीव्र भावना हाताळायला शिकवणाऱ्या, दुसऱ्या मानसोपचार पद्धतीची रचना करताना मार्शा लिनेहान यांनी थेरपिस्टांच्या सल्लामसलत-गटाला उपचाराचाच एक घटक मानले, आणि तो गट थेरपिस्टचे कौशल्य व उमेद या दोन्हींसाठी असतो. आपणही प्रत्येक बैठकीचा मोठा भाग एकाच केसला द्यावा आणि सूत्रसंचालन आळीपाळीने करावे. केस मांडणाऱ्याने वृत्तांत सांगण्यापूर्वी आपल्याला नेमकी कोणती मदत हवी आहे ते स्पष्ट करावे; एवढ्यानेही चर्चा भरकटणे पुष्कळ कमी होते.

उत्तर २
प्रमाणपत्राबाबत मी ठामपणे सावध करीन. अ‍ॅक्टशी संबंधित आंतरराष्ट्रीय संघटना, असोसिएशन फॉर कॉन्टेक्स्च्युअल बिहेवियरल सायन्स, २००५ मध्ये स्थापन झाली. तिने थेरपिस्टांना प्रमाणित करण्याचा मार्ग न स्वीकारता प्रशिक्षकांचे सहकाऱ्यांकडून मूल्यमापन करण्याची पद्धत ठेवली. लहान गटाने प्रमाणपत्र देऊ केले की देणारे आणि घेणारे असे दोन थर पडतात, आणि मग ज्याला मान्यता हवी आहे तो आपली चूक उघडपणे सांगत नाही. क्लायंटच्या दृष्टीने ती चूकच बैठकीत येणे सर्वांत आवश्यक असते.

उत्तर ३
वरील दोन्ही मतांशी मी सहमत आहे. फक्त सहभागाची सक्ती करू नये. १९०२ मध्ये मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडे जमू लागलेल्या बुधवारच्या मंडळात बोलण्याचा क्रम चिठ्ठ्यांनी ठरत असे आणि प्रत्येकाने बोलावे अशी अपेक्षा होती. पुढे ही सक्ती काढून टाकण्यात आली. शिवाय त्या मंडळातील सैद्धांतिक मतभेद एवढे विकोपाला गेले की १९११ मध्ये आल्फ्रेड अ‍ॅडलर बाहेर पडले. म्हणून संस्थापक किंवा ज्येष्ठ सदस्याच्या मताविरुद्ध बोलणाऱ्याला जागा राहील, असा नियम आधीच करावा. नवा सदस्य प्रथम निरीक्षक म्हणून बसला, तरी हरकत नसावी.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. पुढील बैठक एका केसवर घेण्याचे मी गटापुढे मांडेन. सत्रांचे ध्वनिमुद्रण ऐकवावे का?

उत्तर १
क्लायंटची लेखी संमती असेल तरच ऐकवावे. ध्वनिमुद्रण कोण ऐकणार आणि ते केव्हा नष्ट होणार, हेही संमतीपत्रात असावे. तसेच संमती नाकारल्यास उपचारावर परिणाम होणार नाही, हे क्लायंटला आधी सांगावे. संमती नसल्यास ओळख पटेल असे तपशील काढून केस मांडावी आणि रोल-प्ले करावा.