‘बोर्डिंग सुरू’ म्हणजे नेमकं काय सुरू?

विमानतळावरच्या फलकांवर आणि गेटवरच्या घोषणांत पाच-सहा शब्द सतत येतात: गेट ओपन, बोर्डिंग, फायनल कॉल, गेट क्लोज्ड, डिपार्टेड, आणि त्याआधी तासन् तास दिसणारं ‘ऑन टाइम’. यांचा खरा अर्थ काय आणि मराठीत यांना काय म्हणावं, यावर बोलू या.

मला खटकतं ते हे, की हे शब्द दिसायला बातमीसारखे असतात आणि वापरले जातात हुकमासारखे. फलकावर ‘बोर्डिंग’ वाचलं की आपण समजतो, लोक विमानात शिरायला लागले. गेटवर जावं तर काचेपलीकडे एरोब्रिज (गेटपासून विमानाच्या दारापर्यंतचा बंद पूल) मोकळाच असतो, तोंडाशी विमानच नसतं. म्हणजे ‘बोर्डिंग’चा अर्थ तिथे ‘तुम्ही आता इकडे या’ एवढाच असतो. मग तसंच का लिहीत नाहीत?

माझी आत्या सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखणारी. ‘फायनल कॉल’ पाहून समोरची इडली तशीच टाकून निघाली. धापा टाकत गेटवर पोचली, तर आलेल्या विमानातले उतारू अजून बाहेर येत होते. परतीच्या वेळी तोच शब्द दिसला, तेव्हा तिनं सावकाश चहा संपवला आणि ती गेटवर गेली तेव्हा दार लावायला घेतलं होतं. आत घेतलं, पण बोलणी ऐकवून. पहिल्या वेळचा शब्द खरा असता तर दुसऱ्या वेळी तिनं त्यावर विश्वास ठेवला असता. वर्षातून एखाद्या वेळी विमानात बसणाऱ्या माणसाला फलक सोडून दुसरा आधार नसतो. त्यात मुंबई, दिल्ली, बंगळूरसारख्या विमानतळांनी ‘शांत विमानतळ’ म्हणून टर्मिनलभर होणाऱ्या घोषणा जवळपास बंद केल्या आहेत. शांतता मलाही हवी आहे. पण कानाचं काम डोळ्यांवर टाकलं, तर फलकावरचा शब्द चोख पाहिजे.

मराठीत हे चोख करणं सोपं आहे. ‘सुरू होईल’, ‘सुरू होत आहे’, ‘सुरू झालं आहे’ हे तीन निरनिराळे काळ आपल्याकडे क्रियापदातच उघड होतात. आणि एसटी स्टँडवरचा शब्द तर हाताशीच आहे: ‘गाडी फलाटावर लागलेली आहे.’ लागली म्हणजे ती डोळ्यांना दिसते आहे, जाऊन बसा. मग विमानाला ‘लागलं’ का म्हणू नये?

प्रतिसाद (विमानतळावर गेटचं काम केलेली)

तुमची तक्रार रास्त आहे. पलीकडच्या बाजूनं हे शब्द कसे चालतात ते सांगते, म्हणजे अर्थ ठरवायला मदत होईल.

बऱ्याच ठिकाणी फलकावरची स्थिती घड्याळावर पुढे सरकते. सुटायच्या ठरल्या वेळेच्या इतकी मिनिटं आधी ‘गेट ओपन’, इतकी मिनिटं आधी ‘बोर्डिंग’. नवी वेळ कुणी भरली नाही तर फलक जुन्याच वेळेवर चालत राहतो. ‘ऑन टाइम’चा अर्थही तोच. विमान वेळेवर आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. वेळेत बदल झाल्याचं अजून कुणी कळवलेलं नाही, एवढाच होतो. मागच्या शहरातून विमान निघालेलंही नसतं, आणि फलकावर ‘ऑन टाइम’ असतं.

‘फायनल कॉल’ आम्ही लवकर लावायचो, हे खरं आहे. मुंबईच्या टी-२ सारख्या टर्मिनलमध्ये सिक्युरिटीपासून शेवटच्या गेटपर्यंत चालायलाच बराच वेळ लागतो, आणि लोक दुकानांत रमलेले असतात. आपल्याकडे देशांतर्गत विमानाचं गेट साधारणपणे सुटायच्या वेळेच्या २५ मिनिटं आधी बंद होतं. त्यानंतरचं काम प्रवाशाला दिसत नाही. माणसं मोजायची, वजनाचा कागद तयार करायचा, आणि चेक-इन केलेला प्रवासी आलाच नाही तर त्याची बॅग पोटातून शोधून खाली उतरवायची. बॅग चढली आणि माणूस नाही, असं विमान सोडत नाहीत. त्या एका बॅगेपायी सगळे अडकतात. म्हणून लवकर हाक मारायची सवय लागते.

आता ‘बोर्डेड’. गेटवर बोर्डिंग पास टेकवला, ‘टिक्’ वाजलं, की संगणकाच्या लेखी तुम्ही चढलात. मग एरोब्रिजच्या उतारावर पाऊण तास रांगेत उभे राहा, किंवा लांबच्या बेवर, म्हणजे विमान उभं असलेल्या जागेवर, नेणाऱ्या बसमध्ये दांडीला धरून उभे राहा. बस विमानाशी पोचते, आत सफाई चालू असते, दारं उघडत नाहीत. आमच्या पडद्यावर मात्र बोर्डिंग जोरात चाललेलं असतं. माझ्या मते सगळ्यात दिशाभूल करणारा शब्द हाच. तो पास तपासल्याची नोंद सांगतो आणि ऐकणाऱ्याला विमानात शिरल्याचं वाटतं.

आणि ‘डिपार्टेड’. विमान हवेत गेलं असं त्यात गृहीत नाही. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान जागेवरून हललं, की ते सुटलं. पुढे धावपट्टीच्या रांगेत अर्धा तास गेला तरी ते ‘वेळेवर सुटलेलं’च. वेळ पाळल्याचे आकडे काढताना १५ मिनिटांपर्यंतचा उशीर धरत नाहीत, तोही या सुटण्याच्या क्षणापर्यंतच मोजून. म्हणून दारं लवकर लावून घ्यायची घाई असते, आणि माणसं बंद दाराआड बसून राहतात. यासाठी ‘उड्डाण’ हा शब्द मराठीत चुकीचा वापरला जातो. ‘९ वाजून १० मिनिटांनी उड्डाण’ म्हणतो तेव्हा आपण सुटण्याची वेळ सांगत असतो. त्याला ‘सुटणे’च म्हणावं.

प्रतिसाद

‘विमान लागलं’ला माझा विरोध. मला बस लागते, बोट लागते, आणि विमानही लागतं. फलकावर ‘विमान लागले आहे’ वाचून मी ओकारीची पिशवी शोधायला लागेन असं नाही, पण शब्द दुहेरी आहे हे मान्य करा. ‘आरोहण’ काय वाईट?

धागाकर्ती (सुरुवातीचं लिहिणारी)

दुहेरी आहे, पण वाक्यात घोटाळा होत नाही. त्रासाचं लागणं नेहमी कुणाला तरी होतं: मला बस लागते, त्याला बोट लागते. आणि ते सवयीचं असतं. उभं राहण्याचं लागणं कशाला तरी किंवा कुठे तरी होतं: गाडी फलाटाला लागली, होडी धक्क्याला लागली. ‘विमान गेटला लागले’ असं स्थळासकट लिहिलं की अर्थ एकच उरतो. होडी धक्क्याला लागते तेव्हा कुणी पोट धरत नाही.

‘आरोहण’ मला नको. गिर्यारोहण, ध्वजारोहण यांत ते शोभतं. हातात पिशवी आणि कडेवर मूल घेऊन रांगेत उभी असलेली बाई आरोहण करत नाही. ती शेजारणीला विचारते, ‘आत घेतायत का हो?’ हा प्रश्न मी गेटवर नेहमी ऐकते, आणि माझ्या मते बोर्डिंगला मराठीतला सगळ्यात नेमका शब्द तोच आहे. ‘आत घेत आहेत’ म्हटलं की रांग प्रत्यक्ष हलते आहे. हलत नसेल तर ते वाक्य उघड खोटं ठरतं, आणि मला तेच हवं आहे. ‘बोर्डिंग’सारखा शब्द खोटाही ठरत नाही, कारण त्याचा अर्थच कुणी बांधून दिलेला नाही.

प्रतिसाद (ग्राहक तक्रारींत लक्ष घालणारे)

शब्दांचा अर्थ बांधून घेणं किती महत्त्वाचं आहे, याचं युरोपातलं उदाहरण देतो. विमानप्रवाशांच्या हक्कांबद्दलच्या तिथल्या २६१/२००४ या नियमानुसार आणि युरोपीय न्यायालयानं त्याचा जो अर्थ लावला त्यानुसार, पोचायला ३ तास किंवा जास्त उशीर झाला तर भरपाई मागता येते. साल्झबुर्गहून कोलोन-बॉनला जाणारं जर्मनविंग्ज कंपनीचं एक विमान उशिरा पोचलं. चाकं धावपट्टीला टेकली तेव्हा उशीर होता २ तास ५८ मिनिटं. विमान जागेवर येऊन थांबलं तेव्हा ३ तास ३ मिनिटं, आणि दार त्यानंतर उघडलं. मग ‘पोचणे’ म्हणजे काय? युरोपीय न्यायालयानं ४ सप्टेंबर २०१४ रोजी निकाल दिला: विमानाचं किमान एक दार उघडलं आणि प्रवाशांना उतरायची मुभा मिळाली, तो क्षण म्हणजे पोचणं. तोवर प्रवासी एका बंद जागेत, कंपनीच्या ताब्यात असतो, आणि आपली कामं नीट करू शकत नाही, हे त्यामागचं कारण. मला हे कारण फार पटतं. शब्दाचा अर्थ न्यायालयानं प्रवाशाच्या बाजूनं, त्याला काय करता येतं यावरून ठरवला.

आपल्याकडे डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांतही उशिराच्या मिनिटांना किंमत आहे. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला २ तास किंवा जास्त उशीर अपेक्षित असेल तर वेळेत चेक-इन केलेल्यांना खाणंपिणं द्यावं लागतं. उशीर ६ तासांवर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं एक निवडता येतं. आता वीस-वीस मिनिटांनी वेळ पुढे ढकलत नेली, तर ‘अपेक्षित उशीर’ दर वेळी छोटाच दिसतो. माणूस गेट सोडून जाऊ शकत नाही, आणि मागणीही करू शकत नाही. म्हणून ‘विलंब’ एवढा एकच शब्द लिहिणं मला अपुरं वाटतं. विमान आत्ता कुठे आहे ते लिहा: ‘नागपूरहून निघालेले नाही’. यात मत नाही, वस्तुस्थिती आहे, आणि ती कंपनीला ठाऊक असते.

प्रतिसाद (लंडनहून)

हीथ्रोला गेट आधी सांगतच नाहीत. फलकावर गेट कधी कळेल ती वेळ लिहिलेली असते. सुरुवातीला राग यायचा, आता बरं वाटतं. माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगतात, आणि कधी कळेल तेही सांगतात.

धागाकर्ती

दोन्ही मुद्दे पटले. मग मी असं म्हणते: हाक वेगळी आणि हकीगत वेगळी. लोकांना हलवायचं असेल तर ‘गेटकडे निघा’ असं आज्ञार्थातच लिहावं. त्यात कुणाची फसवणूक नाही. गेटवर बोलावण्याचं कारण अंतर असेल तर ‘चालत १५ मिनिटे’ असंही लिहावं. हकीगत मात्र झाली तेवढीच: विमान गेटला लागले, आत घेत आहेत, गेट बंद, सुटले. ‘फायनल कॉल’ला माझ्या मनात ‘शेवटचा पुकारा’ आहे. कोर्टात पुकारा होतो तेव्हा हजर नसलेल्याचं नुकसान होतं, हे गावाकडच्या माणसालाही सांगावं लागत नाही. पण तो खरोखर शेवटचाच असला पाहिजे, आणि गेट किती वाजता बंद होणार ती वेळ त्याच्यापुढे हवी.

प्रतिसाद (गेटचं काम केलेली)

‘शेवटचा पुकारा, बंद ६.४५’ चालेल. फलकाच्या ओळीत जागा कमी असते, पण एवढं मावेल. बसनं न्यायचं असेल तेव्हा ‘आत घेत आहेत’ लिहू नका, ‘बसमध्ये घेत आहेत’ लिहा. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना उभं राहायचं आहे की बसायला मिळणार, हे त्या एका शब्दानं आधी कळेल, आणि व्हीलचेअर वेळेत मागवता येईल.