मदत हवी आहे: पीएचपी ७.४ चा कोड ८.२ वर नेण्याआधीची तपासणी

मंडळी, पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतला जुना कोड नव्या आवृत्तीवर न्यायचाय. लिंटमध्ये (कोड न चालवता केलेली लेखनाची तपासणी) सगळ्या फाइल्स पास होतात, पण त्यातून फक्त सिंटॅक्स (लिहिण्याचे नियम) कळतो. कोड तपासणाऱ्या कोडस्निफरला पीएचपी-कम्पॅटिबिलिटी ९.३.५ (आवृत्तीशी न जुळणारा कोड शोधणारे नियम) जोडलं, टेस्टव्हर्जन, म्हणजे कोणत्या आवृत्तीसाठी तपासायचं ते, ८.२ दिलं, तर रिपोर्ट जवळपास कोरा. त्यावर विसंबता येत नाही. ती आवृत्ती २०१९ ची, ८ मधले बदल तिला कुठून माहीत असणार? तिचीच १० ची अल्फा (चाचणीसाठीची कच्ची आवृत्ती) लावल्यावर आणखी काही जागा सापडल्या.

खरी अडचण वेगळीच. ० == "अबक" ही तुलना ७.४ मध्ये खरी, ८.० पासून खोटी. एरर येत नाही, मुकाट्याने उत्तर बदलतं. शिवाय स्ट्रलेनला (मजकुराची लांबी मोजणारं फंक्शन) नल, म्हणजे रिकामं मूल्य, दिलं की ८.१ पासून डेप्रिकेटेडची (हे पुढे बंद होणार अशी) सूचना. टाइप (मूल्य अंक की मजकूर, ते) न लिहिलेल्या कोडमधल्या अशा जागा पीएचपी-स्टॅनच्या (कोड न चालवता चुका शोधणारं साधन) कोणत्या लेव्हलला (तपासणीच्या कडकपणाची पातळी) पकडता येतात? कोड तपासणाऱ्या टेस्ट्स नाहीत, त्यामुळे कोड आपोआप बदलणारं रेक्टर थेट चालवायला हात धजत नाही.