मदत हवी आहे: कणकेचा ब्रेड मशीनमध्ये मधोमध खचतो

लहान ब्रेड मशीन घेतलंय, जेमतेम अर्ध्या किलोचा ब्रेड होतो. मैद्याचा सुरेख फुगतो, पण आईला मधुमेह आहे, तिच्यासाठी गिरणीतून दळून आणलेल्या कणकेचाच करायचाय. ३०० ग्रॅम कणीक, २२० मिली पाणी, १ टीस्पून इन्स्टंट यीस्ट, १ टीस्पून मीठ, थोडं तेल. झाकणाच्या काचेतून बघते तर गोळा छान वर येतो, आणि भाजायला लागलं की खचतो. कापताना खालचा भाग सुरीला चिकटतो. कोंड्यामुळे ग्लूटेनची (गव्हातल्या चिवट प्रथिनाची) जाळी तुटते, म्हणून बारीक चाळणीनं चाळूनही पाहिलं, फरक थोडाच. मुंबईचा उकाडा आहे, पीठ वेळेआधीच फुगून जात असेल का? यीस्ट अर्धा चमचा करू की पाणी गार घालू? वेगळं ग्लूटेन कोणी घालतं का, किती? उद्या पुन्हा लावणार आहे, प्लीज सांगा.