२५ तारखेनंतर गेलात तर मोकळं मैदान दिसेल

युरोपातले नाताळचे बाजार बघायला जाणाऱ्यांना इथे कुणीतरी 'मुलांना नाताळची सुट्टी लागली की २५ला निघा, आठवडाभर मार्केटं बघा' असा सल्ला दिलाय, तो जर्मनीसाठी तरी कृपया मनावर घेऊ नका. आम्ही २६ डिसेंबरला न्यूरेम्बर्गला पोचलो. हाउप्टमार्क्ट चौकात लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या छपरांचा बाजार बघायची केवढी हौस होती, आणि समोर नुसती आवराआवर. मुलीचा चेहरा अजून आठवतो. मुळात हा बाजार आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांचा. न्यूरेम्बर्गचा बाजार २४ तारखेला दुपारीच बंद होतो, ड्रेस्डेनचा 'श्ट्रित्सेलमार्क्ट' हा नाताळबाजारही तसाच. ड्रेस्डेनचा तर १४३४ पासूनचा, सुरुवातीला जेमतेम एका दिवसाचा. त्यामुळे सुट्टी पुढे-मागे करता येत असेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरा, तोही सोमवार ते गुरुवार. शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते.

सुट्टी नाहीच हलली तर प्राग गाठा. जुन्या शहराच्या चौकातला बाजार ६ जानेवारीपर्यंत चालतो, आम्ही शेवटी तिकडेच गेलो.

जर्मनीत पेयाच्या मगाचे वेगळे पैसे घेतात ते अनामत असतात, तो परत केला की मिळतात. मुलांसाठी 'किंडरपुन्श' मागा, ते फळांच्या रसाचं गरम पेय, बिनदारूचं. शाकाहाऱ्यांनी बटाट्याच्या किसाचे 'राइबेकूखन' सफरचंदाच्या गरासोबत जरूर खावेत. थंडीत गरमागरम फार छान लागतात.